गयामावशीचं तळं

गयामावशीबद्दल सांगायला लागले की ऐकणारा पहिल्या पाच मिनिटांतच तिची कीव करू लागतो. म्हणून हे आधी सांगते: गयामावशी मार खायची, तशी मारायचीही. नवऱ्याचे समोरचे दोन दात तिने पाडले होते. एकदा तिने मलाही मारलं. तिने परसात बांधलेल्या तळ्याची हकीकत ही मारामारी वगळून सांगता येते का, ते मी करून पाहिलं आहे. येत नाही. मारामारी वगळली की ते तळं सुधारत कसं गेलं, हेच कळेनासं होतं.

जामखेडच्या कडेला माळावर प्लॉट पाडून झालेली आमची वस्ती. वडील एका शाळेत क्लार्क, आई घरी, मी तेव्हा सातवीत. आमच्या आणि शेजारच्या परसाच्या मध्ये छातीइतकी भिंत होती, आणि माझं अभ्यासाचं टेबल त्या भिंतीकडच्या खिडकीला लागून होतं. शेजारचं घर बरेच महिने रिकामं होतं. एका दुपारी तिथे गयामावशी आणि तिचा नवरा अंबादास राहायला आले.

मी कमी बोलणारी मुलगी होते. अजूनही आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे मराठीत बोललं की बाकावर उभं करायचे. घरात पुस्तकातली मराठी. भिंतीपलीकडून यायची ती तिसरीच भाषा होती, आणि तिच्यातले बरेच शब्द मी अर्थाच्या आधी आवाजावरून शिकले. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी धप्प धप्प असा आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गादी झोडपतंय. मग बाईचा आवाज आला, "डोक्यात नगं. डोक्यात नगं." वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आईने उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी वडील समजवायला गेले. अंबादासकाकाने हात जोडले, खुर्ची दिली, चहा पाजला, "चुकलंच साहेब" म्हणाला. वडील घरी येऊन चप्पल काढेपर्यंत पलीकडे पुन्हा सुरू झालं होतं. त्यानंतर आमच्या घरातून कुणी गेलं नाही.

अंबादासकाका बुटका, नीटनेटका माणूस होता. डोक्यावर पांढरी टोपी, दाढी रोज केलेली. ट्रकवर ऊस भरताना फळीवरून पडल्यामुळे एक गुडघा वाकायचा नाही. त्या गुडघ्यामुळेच त्यांची ऊसतोड सुटली आणि तो एका बियाण्याच्या गोदामावर राखणीला लागला. बाहेरच्यांशी तो इतकं मऊ बोलायचा की ऐकणाऱ्यालाच संकोच वाटावा. गयामावशी त्याच्यापेक्षा टीचभर उंच, सडसडीत, काळी. लुगड्यावर ती कायम पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची, उसाच्या फडातल्या बायका घालतात तसा. बाह्या वर सारल्या की मनगटापासून कोपरापर्यंत पाचटाने कापल्याच्या पांढऱ्या रेघा दिसायच्या. तोडायला ऊस नव्हता, तरी रोज सकाळी ती पायरीवर बसून कोयत्याला कानस लावायची. मला त्या आवाजाने जाग यायची.

बावीस हंगाम तिने ऊस तोडला होता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादमाच्या यादीत नाव लागतं ते नवऱ्याचं. आईने एकदा तिला विचारलं की तुमचं नाव वेगळं नसतं का. ती म्हणाली, "माजं कशाला? तोडायला दोघं, मोळी डोक्यावर घ्यायला मी, अन् यादीत अंबादास." तक्रार केल्यासारखं नाही, हवेबद्दल बोलावं तसं.

तळ्याची जागा तिने शोधली नव्हती. आधीच्या मालकाने संडासाच्या टाकीसाठी खड्डा घेतला होता, कमरेइतका खणून झाल्यावर खडक लागला म्हणून तसाच सोडलेला. अंबादासकाकाला तो बुजवायचा होता. एका दुपारी त्याने मावशीला मारून मागच्या दाराने बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. ऊन फार होतं. ती खड्ड्यात उतरली आणि त्याच्या एका बाजूला सावली होती तिथे बसून राहिली. संध्याकाळी दार उघडलं तरी बसून होती. दुसऱ्या दिवशी ती टिकाव घेऊन खड्ड्यात उतरली.

ती रागात खणायची. मार खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी खड्डा जास्त पुढे सरकायचा, हे मी खिडकीतून पाहून ठेवलं होतं. त्या घरातला आठवडा कसा गेला, हे मुरमाच्या ढिगाऱ्याकडे पाहून सांगता आलं असतं.

"टाकी करताय का गयाबाई?" आईने भिंतीवरून विचारलं.

"तळं."

"तळं? कशाला?"

"बगायला."

"अहो, प्यायला टँकर लागतो इथे."

"प्यायचं टँकरचं पिऊ की. ह्ये बगायचं." तिने टिकाव टेकवला. "तिकडं ऊसतोडीला ऱ्हायच्या कोपीच्या म्होरं कॅनॉल असायचा बगा. रात्रंदिस वाहायचं पानी. पाय सोडून बसलं की उसाचा मालक वरडायचा. लई वर्सं दुसऱ्याचं पानी बगितलं. ह्ये माजं."

अंबादासकाका दारात उभा राहून ऐकत होता. "मी बुजवनार हाय त्यो खड्डा," तो म्हणाला.

"बुजवा की. तुमाला आत घालून बुजवीन."

आईला हसू आलं. मला आलं नाही, कारण मावशी हसत नव्हती.

एक सांगायला हवं. एरवी ती नवऱ्याला 'तुमी' म्हणायची. 'तू' वर आली की ती हात उचलणार हे नक्की असायचं. मला ते इतकं पाठ झालं होतं की 'तू' ऐकलं की मी खिडकी लावून घ्यायची. पूर्ण लावायची नाही.

पहिलं तळं कागदाचं होतं. आमच्याकडे शेततळ्यात अंथरतात त्या जाड काळ्या प्लॅस्टिकला कागद म्हणतात. कुणाच्या तरी शेतातला फाटका तुकडा ती डोक्यावर घेऊन आली, खड्ड्यात अंथरला, कडा मुरमात दाबल्या आणि आठ दिवस बादलीने पाणी भरलं. दुसऱ्या रविवारी अंबादासकाका पिऊन आला आणि तिच्याच कोयत्याने त्याने कागद चार ठिकाणी चिरला. पाणी तासाभरात खाली गेलं. तिने त्याला टिकावाच्या दांड्याने पाठीवर दोन हाणले. तो खाली बसून हसत राहिला, कारण तळं तर गेलं होतं.

तिने दगडांचं तळं करायला घेतलं. ती बांधकामावर जाऊ लागली. तिथे पोत्याच्या तळाशी उरलेलं सिमेंट ओच्यात घालून आणायची. दगड माळावर हवे तितके होते. ते एकमेकांवर बसवण्याआधी ती प्रत्येक दगड हातात फिरवून पाहायची, आणि बसला नाही तर शिवी देऊन बाजूला टाकायची. गिलावा झाल्यावर ओली बारदानं पसरून दिवसातून चार वेळा शिंपायची. मग शेणकाला कालवून भरला, सोडून दिला, पुन्हा भरला. "शिमिटाची आग जाया पायजे," म्हणायची. यात तीन महिने गेले. तळं आता कोयत्याने चिरता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

मग आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या. डेंग्यूच्या दिवसांत त्या घरोघर रांजण-ड्रम तपासायच्या आणि अळ्या सापडल्या की पाणी ओतून द्यायला लावायच्या. त्यांनी बॅटरीने तळ्यात पाहिलं आणि म्हणाल्या, "हे रिकामं करा."

"ते न्हाई हुनार."

"मावशी, अळ्या आहेत त्यात. सगळ्या वस्तीला ताप येईल."

"येऊ द्या. हितं ताप कुनाला न्हाई?"

नर्सबाईंनी तिच्या काळ्यानिळ्या गालाकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या कोयत्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्या निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत वीसेक गप्पी मासे घेऊन आल्या. "हे अळ्या खातात. यांना जगवा, म्हणजे मी काही म्हणणार नाही."

गयामावशीने पिशवी उन्हाकडे धरली. "एवढुसं?"

"वाढतात लवकर."

दोन महिन्यांत शंभरेक झाले. मावशी कामावरून आली की चूळ भरायच्या आधी मासे बघायची. कुठून तरी तिने पांढऱ्या कमळाचा गड्डा आणला आणि फुटक्या पाटीत माती घालून तो तळाशी बसवला. अंबादासकाका तळ्यात रिकाम्या बाटल्या फेकू लागला. एक फुटली आणि काच तिच्या तळपायात शिरली. तिने पाणी उपसलं, काचेचा तुकडान् तुकडा वेचला आणि त्याच्या बुटात घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी अंबादासकाका दोन्ही पायांनी लंगडत कामावर गेला. मग तिने तळ्याचा काठ वीतभर उंच केला आणि वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बसवली. प्रत्येक सुधारणा अशीच झाली. त्याने काही मोडायचं, तिने त्याचं काही मोडायचं, आणि मग तळं आधीपेक्षा बरं व्हायचं.

मी दहावीत होते त्या उन्हाळ्यात टँकर आठ दिवसांनी येत होता. एका सकाळी पलीकडे भांडण चाललं होतं, कारण मावशी दर टँकरच्या पाण्यातला एक ड्रम तळ्यात ओतायची. अंबादासकाका म्हणाला, "औषध टाकतो तुज्या माशात. एकदाच सुटका." हे मी ऐकलं, आणि वस्तीतल्या इतरांनीही ऐकलं. तासाभरात टँकर आला. त्या दिवशीच्या पाण्याला उग्र वास होता. आईने चहा ओतून दिला, म्हणाली औषधासारखा लागतो. कुणीतरी टँकरमध्ये जंतुनाशक पावडर जास्त टाकली होती. मावशीने नेहमीसारखा ड्रम भरून तळ्यात ओतला आणि कांदे निवडायच्या कामावर गेली.

आमच्या शाळेच्या ऑफिसात माशांची काचेची पेटी होती. शिपाई तिच्यातलं पाणी बदलायच्या आदल्या दिवशी बादल्या भरून उन्हात उघड्या ठेवायचा. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला, नळाच्या पाण्यातली पावडर उडून जावी लागते, नाहीतर मासे मरतात. म्हणून दुपारी खिडकीतून तळ्यावर पांढरी पोटं तरंगताना दिसली, तेव्हा ती का तरंगताहेत हे मला लगेच कळलं. हे माहीत असणारी त्या वस्तीत मी बहुधा एकटीच होते.

चार वाजता गयामावशी आली. जाळी उचलून उभी राहिली. एकेक मासा तळहातावर घेऊन तिने काठावर ओळीने मांडला. नंतर टिकावातून दांडा ठोकून काढला आणि पायरीवर बसली. अंबादासकाका पाच वाजता ड्यूटीवरून आला.

"काय टाकलंस तू पान्यात?"

'तू' ऐकलं, पण त्या दिवशी मी खिडकी लावली नाही.

"मी? कायबी न्हाई टाकलं. आईशपत."

पहिला फटका तोंडावर बसला. त्याची टोपी उडून तळ्यात पडली. तो हाताने तोंड झाकत होता म्हणून दुसरा कोपरावर बसला, आणि लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. ते लाकूड नव्हतं. तो खाली पडला तरी ती थांबली नाही. ती ओरडत नव्हती. ऊस तोडताना घेत असेल तसा प्रत्येक वेळी श्वास घेत होती. तो रक्ताच्या तोंडाने सारखं म्हणत होता, "मी न्हाई टाकलं, गया, मी न्हाई टाकलं." मी खिडकीचा गज धरून उभी होते. मला फक्त चार शब्द बोलायचे होते. घशापर्यंत ते इंग्रजीत आले, मग मराठीत आले, आणि तिथेच राहिले. शेवटी समोरच्या घरातले दोघे धावत आले आणि त्यांनी दांडा काढून घेतला.

बायकोने मारलं हे सांगायची लाज, म्हणून अंबादासकाकाने दवाखान्यात गाडीवरून पडलो असं सांगितलं. दीड महिना हात प्लॅस्टरमध्ये होता. तेवढा काळ पलीकडचं घर शांत होतं. मी रोज ठरवायची की आज सांगू. सगळं शांत आहे तर कशाला, असंही रोज ठरवायची.

प्लॅस्टर निघाल्यानंतरच्या रविवारी भर दुपारी अंबादासकाका कुठून तरी घण घेऊन आला. त्याने शर्ट काढला, घडी करून भिंतीवर ठेवला. मग तळ्याचा काठ फोडायला लागला. घाईने नाही, आरामात, एका टोकापासून. निम्मा काठ फुटला तेव्हा मावशी कामावरून आली. पाणी वाहून गेलेल्या तळ्यात उतरली आणि पुढचा घाव जिथे पडणार होता तिथे काठावर डावा पंजा ठेवला.

"मार. बगू."

घण तेव्हा वर गेलेला होता. तिने हात ठेवला ते त्याने पाहिलं की नाही, हे मी खिडकीतून पाहत असूनही सांगू शकत नाही. तो घण अजूनही माझ्या डोळ्यांसमोर वर जातो. दर वेळी मी ठरवते की या वेळी त्याच्या डोळ्यांकडे पाहायचं, आणि दर वेळी तिच्या हाताकडेच पाहते.

आई चादर घेऊन धावली. अंबादासकाकानेच रिक्षा आणली. दवाखान्यात दोघांनीही सांगितलं की दगड पडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं.

ती घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी तिच्या घरात पहिल्यांदा गेले. ती पलंगावर बसली होती, पट्टी बांधलेला हात उशीवर. मी उभ्या उभ्याच सांगितलं, पाठ केल्यासारखं. "मावशी, मासे काकांनी नाही मारले. टँकरच्या पाण्यात पावडर होती. तिच्यामुळे मेले."

तिने उशीवरचा हात मांडीवर घेतला. "तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

तिने उजव्या हाताने माझ्या कानाखाली मारली. त्याआधी आयुष्यात मला कुणी मारलं नव्हतं. कानात शिट्टी वाजावी तसा आवाज झाला आणि मी दाराच्या चौकटीला टेकले. रडू आलं नाही. एवढंच कळलं की हिने हा हात सावकाश उचलला होता. ठरवून, जेवढा मारायचा तेवढाच.

मग तिने विचारलं, "मंग पानी किती दिस ठिवायचं उगडं?"

"एक दिवस. उन्हात. दोन ठेवलं तर आणखी चांगलं."

तिने मान हलवली आणि आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली, "आवं, हिकडं या."

अंबादासकाका आला. तोंडात पुढे दात नसल्याने त्याचा चेहरा म्हातारा झाला होता.

"ही पोरगी म्हन्ती, तुमी न्हाई टाकलं."

"मी म्हनत हुतो की तुला. सारखं म्हनत हुतो."

"म्हनत हुता."

"मंग?"

"तुमचं आदी कदी खरं हुतं?"

ती उठली, दाराआडचा दांडा घेतला आणि त्याच्यापुढे धरला. "त्या दिसाचं माजं चुकलं. घ्या. मारा."

मी दारातच उभी होते. त्याने दांडा घेतला, हातात तोलला. मग माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीला टेकवून ठेवला. मला वाटलं, इथे काहीतरी संपलं. घरी जाऊन मी आईला सांगितलंही. ती म्हणाली, "बघू."

आईचं बरोबर होतं. मी निघून गेल्यावर तासाभराने त्याने तो दांडा वापरला. आणि नंतरही, अधूनमधून, पूर्वीसारखंच चालू राहिलं. फरक एवढाच पडला की त्या दिवसापासून त्याने तळ्याला हात लावला नाही. तिला लावला.

राहिलेल्या आठ बोटांनी तिने तळं पुन्हा बांधलं, आणि आता ते खरोखर देखणं झालं. आत उतरायला शहाबादी फरशीच्या दोन पायऱ्या. एका बाजूला उतरता दगड, चिमण्यांना टेकून पाणी पिता यावं म्हणून. भिंतीलगत झाकण नसलेला निळा ड्रम, त्याला तळाशी तोटी. टँकरचं पाणी दोन दिवस त्या ड्रममध्ये ऊन खायचं आणि मग तळ्यात जायचं. जाळी तिने काढून टाकली. नर्सबाई आता दुसऱ्या वस्त्यांसाठी तिच्याकडूनच मासे न्यायच्या.

एकदा तिचा डोळा इतका सुजला होता की आईला राहवलं नाही. मावशीची मुलगी मंगल काष्टीला दिलेली होती. आई म्हणाली, "गयाबाई, निघून जा ना मंगलकडे. ती बोलावतेय तुम्हाला. काय ठेवलंय इथे?"

मावशीने तळ्याकडे हात केला. "ह्ये कसं नेऊ? उचलून थोडंच जातंय."

मी कॉलेजला पुण्याला गेले, पुढे तिथेच नोकरी लागली. सुटीत घरी यायची तेव्हा खिडकी उघडून आधी तळं बघायची आणि मग मावशीचा चेहरा. दोन्हींचं बरं असेल असं एखाद्याच वेळी घडायचं. अंबादासकाकाचं गोदामाचं काम सुटलं होतं. संध्याकाळी तो तळ्याकाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि माशांना चुरमुरे चुरून टाकायचा. पिऊन असला तरी चुरमुरे बारीक चुरायचा.

मागच्या दिवाळीत मी आले होते. भाऊबीजेच्या संध्याकाळी गोदामावरचे त्याचे दोन जुने सोबती त्याला भेटायला आले. तळं पाहून एक जण म्हणाला, "अंबादास, लई भारी केलंय की राव. कारागीर कुठला?"

"कारागीर कशाला?" अंबादासकाका म्हणाला. "रिकामा टाईम हुता. मीच रचले दगड. एक एक ह्या हातानं."

मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती थांबली नाही. चहा दिला, पाहुण्यांचं पिऊन होईपर्यंत उभी राहिली, कप गोळा केले. पाहुणे गेले. मग तिने विचारलं, "कोनी रचले?"

"आगं, त्येंच्याम्होरं आता काय सांगायचं…"

"कोनी रचले म्हन्ते मी."

"दोघांचं एकच की. तुजं काय, माजं काय."

मी खिडकीत होते. 'तू' ची वाट पाहत होते. ते आलंच नाही. मावशी आत गेली आणि पलीकडे रात्रभर काहीही ऐकू आलं नाही. त्या घरातल्या मारामारीच्या आवाजाची मला कधी वाटली नसेल इतकी भीती त्या शांततेची वाटली.

सकाळी आठ वाजता ती भिंतीपाशी उभी होती. "ए पोरी, चहाची गाळनी दे. मोठी आसली तर."

मी गाळणी दिली. तिने निळा ड्रम अर्धा रिकामा केला, तळ्यातलं पाणी त्यात भरलं आणि मासे गाळून गाळून त्यात सोडू लागली. दोन तास लागले. कमळाचे गड्डे उपटून ओल्या बारदानात गुंडाळले. अंबादासकाका दात घासत उभा राहून पाहत होता. त्याला वाटलं असावं की ती तळं धुते आहे. मग तिने घरामागून घण आणला. तो त्याचाच घण होता.

डाव्या हाताची पकड अपुरी असल्यामुळे पहिला घाव घसरला. दुसरा बसला. पायरीची फरशी मधोमध तडकली.

"गया. काय करती?"

ती मारत राहिली. पाणी परसात पसरलं, आमच्या भिंतीखालून आमच्याकडे आलं.

"राहू दे की गं. काय खातंय तुजं त्ये?" तो पाण्यात उभा होता, पण तिच्या जवळ जात नव्हता. "मी सांगतो त्येंला. तू केलं म्हनून सांगतो. आत्ता जाऊन सांगतो." आणि तो खरंच चप्पल शोधू लागला.

"सांगा," ती म्हणाली. "पर दाखवायला काय ऱ्हानार न्हाई."

इतक्या वर्षांत त्या माणसाला मी रडताना पाहिलं नव्हतं, मार खातानाही नाही. तो चप्पल हातात घेऊन रडत उभा राहिला आणि ती काठाचा एकेक दगड फोडत गेली. उतरता दगड फुटेना. त्याच्यावर तिने बारा-चौदा घाव घातले. फुटला तेव्हाच ती सरळ झाली.

दहा वाजता काष्टीला मंगलकडे जायचा टेम्पो आला. ड्रम चढवायला आम्ही चौघं लागलो. तिचं बाकी सामान एका पेटीत मावलं. तिने ड्रमच्या तोंडावर लुगड्याचा तुकडा बांधला, मागे ड्रमला पाय अडकवून बसली आणि डावा पंजा कापडावर दाबून धरला. अंबादासकाका फाटकापर्यंत आला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. टेम्पो सुरू झाला, पहिल्याच खड्ड्यात आदळला, आणि ड्रममधलं पाणी कापडातून उसळून तिच्या शर्टावर आलं. तिने उजव्या हाताने केबिनच्या टपावर दणका दिला.

"हळू, बाबा. हळू. जीव हायत आत."

ड्रायव्हरने वेग कमी केला. रस्त्याला लागेपर्यंत ती टपावर मारतच होती.